शब्दचर्चा: ‘सेल्फ-रेग्युलेटेड लर्निंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न:
नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी ‘सेल्फ-रेग्युलेटेड लर्निंग’वर, म्हणजे स्वतः लक्ष्य ठरवून, आपले काम आपणच तपासत आणि गरजेप्रमाणे बदलत शिकण्यावर, मराठीत टिपण करायचे आहे. स्वयंअध्ययन, स्वनियंत्रित अध्ययन, स्वयंनियमित अध्ययन असे तिन्ही शब्द वापरात दिसतात. नेमका कोणता? आणि सरळ ‘स्वाध्याय’ का नको?

प्रतिसाद १:
‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ या तैत्तिरीय उपनिषदातल्या वचनात स्वाध्याय म्हणजे वेदपठण. बालभारतीच्या पुस्तकांत तो धड्याखालच्या प्रश्नांवरचा मथळा. मुलांच्या कानाला हा दुसरा अर्थच ओळखीचा. तिथे प्रश्न दुसऱ्याने काढलेले, तपासणारही दुसरा. जे शिकवायचे तेच त्यात नाही.

‘स्वयंअध्ययन’ म्हणजे शिक्षकाविना अभ्यास. घरी एकट्याने गाइडमधला निबंध घोकणे हे स्वयंअध्ययन झाले, पण त्यात नियमन कुठेच नाही. उलट भरल्या वर्गात, शिक्षक समोर असतानाही नियमन करता येते.

प्रतिसाद २:
‘स्वयंनियमित’मध्ये खाच आहे. नियमन या शब्दाशी नाते असले तरी ‘नियमित’ म्हटले की मराठी माणसाला ‘रोजच्या रोज’ हेच ऐकू येते. पालक म्हणतील, बरोबर, रोज एक तास बसलेच पाहिजे. ‘नियंत्रित’ला लगामाचा वास आहे, मोबाइल काढून घेणे वगैरे. रेग्युलेशन म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरचे काम: पंखा चालूच आहे, गरजेप्रमाणे वेग बदलायचा. म्हणून ‘अभ्यासाचे स्वनियमन’. विशेषणाचा हट्ट सोडून नाम वापरले की घोटाळा मिटतो.

प्रतिसाद ३:
सहमत. अमेरिकी शिक्षणमानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी याचे तीन टप्पे मांडले आहेत. पहिल्याला ‘पूर्वविचार’ चालेल, दुसऱ्याला ‘कृती’. तिसऱ्याला, म्हणजे काम झाल्यावर मागे वळून पाहण्याला, ‘आत्मपरीक्षण’ म्हणू नये. त्या शब्दात स्वतःचे दोष कबूल करण्याचा सूर आहे, आणि मूल लगेच लिहिते, ‘माझे इंग्रजीच कच्चे आहे.’ असले कारण सापडून उपयोग काय? त्यावर उद्या करण्यासारखे काहीच नाही. ‘शी गो टू स्कूल असे लिहिले, गोज हवे होते; सहापैकी चार वाक्यांत हीच चूक’ असे लिहिले तर पुढची पायरी दिसते. त्यामुळे ‘मागोवा’ बरा.

वर्गात हे असे बसते. १०० शब्दांचे पत्र लिहायचे असेल तर आधी ३ मिनिटे मुद्दे आणि एकच लक्ष्य: ‘आज क्रियापदाचा काळ सांभाळणार.’ मग २० मिनिटे लेखन. मध्ये, साधारण १० मिनिटांनी, पेन खाली ठेवून लक्ष्यापुरतेच वाचन. शेवटी ५ मिनिटे मागोवा, तो मराठीत. इंग्रजीत लिहायला लावले की मुले ‘आय विल ट्राय माय बेस्ट’वर थांबतात.

फसते ते बहुधा यादीपायी. पंधरा कलमांची तपासणी-यादी दिली की सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होतात, वाचन होत नाही. दोन कलमे पुरेत. शिक्षकाने लाल शाईने चूक दुरुस्तच करून दिली तरी मुलाने शोधायचे काही उरत नाही. त्याऐवजी ओळीच्या कडेला फक्त टिंब द्यावे; त्या ओळीतली चूक कोणती हे मुलाने हुडकावे. मात्र ‘अ’ आणि ‘द’च्या चुका अशा हुडकून सापडत नाहीत. मराठीत आर्टिकल नसल्याने ती कमतरता कानाला खटकतच नाही. ते आधी शिकवावेच लागते.

प्रतिसाद २:
एक भर. स्पेलिंगच्या १० शब्दांआधी ‘किती बरोबर येतील?’ हा आकडा मुलांकडून लिहून घ्यावा आणि नंतर खऱ्या आकड्याशेजारी ठेवावा. त्या रकान्याला ‘अपेक्षा’ म्हणू नका, मुलांना ती घरच्यांची वाटते. ‘अंदाज’ म्हणा.

प्रश्नकर्ता:
मग टिपणाच्या मथळ्यात ‘अभ्यासाचे स्वनियमन’, आणि वहीत तीन रकाने: ठरवले, अंदाज, मागोवा. मुलांशी बोलताना ‘स्वनियमन’ शब्द काढावा का?

प्रतिसाद ३:
नको. ‘काय ठरवलं होतंस? कुठे अडलं? उद्या काय बदलशील?’ एवढेच विचारा.