अपडेटनंतर टीव्हीतील रेकॉर्डिंगची सोय काढून घेतली : दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न

सोळा महिन्यांपूर्वी घेतलेल्या माझ्या टीव्हीत पेन ड्राइव्ह लावून कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची सोय होती आणि खरे सांगायचे तर तेवढ्यासाठीच मी हे मॉडेल निवडले होते. गेल्या महिन्यात रात्री एक अपडेट आले. सकाळी पडद्यावर नव्या अटी होत्या आणि त्याखाली 'मान्य आहे' व 'नंतर' अशी दोनच बटणे. 'नंतर' निवडले की एकही ॲप उघडत नव्हते, म्हणून मी अखेर 'मान्य आहे' दाबले आणि तेव्हापासून रेकॉर्डिंगचा पर्याय मेनूतून नाहीसा झाला. रिमोटवरचे लाल ठिपक्याचे बटण अर्थातच जागेवर आहे. ते दाबले की 'ही सुविधा उपलब्ध नाही' अशी ओळ उमटते. जुनी रेकॉर्डिंगही गेल्यातच जमा आहेत, कारण ती त्याच एका टीव्हीवर चालतील अशा रीतीने कुलूपबंद केलेली असतात आणि संगणकावर उघडत नाहीत.

कंपनी म्हणते की आपण अटी मान्य केल्या आहेत आणि वॉरंटीही संपली आहे. विक्रेता म्हणतो की सॉफ्टवेअर त्याचे नाही. या दोघांपैकी कोणाला धरावे, आणि त्या एका बटणाने माझा हक्क खरोखरच संपतो का?

प्रतिसाद १

वॉरंटीचा मुद्दा आधी बाजूला ठेवा. वॉरंटी हे बिघाड दुरुस्त करून देण्याचे आश्वासन असते आणि आपल्या टीव्हीत काहीही बिघडलेले नाही. जे सांगून वस्तू विकली ते आता तिच्यात राहिलेले नाही, ही आपली तक्रार आहे. तिचा आधार विक्रीच्या वेळी केलेले वर्णन हा आहे, त्यामुळे 'वॉरंटी संपली' हे तिला उत्तर होत नाही.

खरेदीचा व्यवहार विक्रेत्याशी झालेला असल्याने पहिली लेखी तक्रार त्याच्याकडेच करावी आणि तिची प्रत कंपनीला पाठवावी. युरोपीय संघाचा वस्तुविक्रीविषयक निर्देश १ जानेवारी २०२२ पासूनच्या व्यवहारांना लागू आहे. त्यानुसार सॉफ्टवेअर असलेली वस्तूसुद्धा वर्णनाबरहुकूम असावी लागते आणि किमान दोन वर्षे तिची जबाबदारी विक्रेत्यावर राहते. त्याच्या जोडीचा एक निर्देश असा आहे की सेवेत केलेल्या बदलाने ग्राहकाचे किरकोळ नव्हे असे नुकसान होत असेल तर त्याला तीस दिवसांत करार संपवता येतो. पुष्कळ जण टीव्हीच्या तक्रारीत हाच निर्देश पुढे करतात आणि तिथेच चुकतात, कारण तो स्वतंत्रपणे पुरवलेल्या डिजिटल सामग्रीसाठी व सेवांसाठी आहे; वस्तूतच बसवून विकलेल्या सॉफ्टवेअरला पहिला निर्देश लागतो. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेत्याने केलेल्या दाव्याच्या तुलनेत वस्तूत राहिलेली उणीव हाही 'दोष'च मानला आहे आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत खरेदीपासून नव्हे, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते.

प्रतिसाद २

'मान्य आहे' या बटणाविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत लिनक्स, बसवता येत असे. १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या ३.२१ क्रमांकाच्या अपडेटने ती सोय काढली आणि त्यासाठी सुरक्षेचे कारण देण्यात आले. अपडेट ऐच्छिक होते असे म्हणता येईल, पण ते न घेणाऱ्याला कंपनीच्या ऑनलाइन जाळ्यावर प्रवेश उरत नसे. म्हणजे लिनक्स सोडा किंवा ऑनलाइन खेळ सोडा; पैसे मात्र दोन्हींचे दिलेले. हा प्रकार आपल्या 'नंतर' बटणाहून फारसा वेगळा नाही. अमेरिकेतील दावा २०१८ साली ३७ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटला आणि एका ग्राहकाला जास्तीत जास्त ६५ डॉलर मिळतील असे ठरले. आठ वर्षांच्या खटपटीनंतरचा हा आकडा पाहता न्यायालयातून फार मोठी अपेक्षा ठेवू नये, असे माझे मत आहे.

नियामक संस्था मात्र कधीकधी नेमके बोट ठेवतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने फोनची कामगिरी मंदावणाऱ्या अपडेटांवरून ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड केला. पुरेशी माहिती न देता अपडेट घ्यायला लावले आणि मूळ स्थितीत परतण्याचा मार्ग ठेवला नाही, असा ठपका होता. आपल्या अर्जात हेच दोन मुद्दे ठळकपणे मांडावेत.

प्रतिसाद ३

वरील मतांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण सोय काढण्यामागे प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये सोनोस या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्या पेटंटांवरील निर्णयानंतर गूगलने आधीच विकलेल्या स्पीकरांमधून अनेक स्पीकरांचा आवाज एकत्र कमीजास्त करण्याची सोय काढली. याउलट, ॲपलच्या घड्याळातील रक्तातील ऑक्सिजन मोजण्याच्या सोयीवरून असाच वाद झाला तेव्हा जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत नव्याने विकलेल्या घड्याळांतून ती वगळली गेली आणि आधीच्या ग्राहकांच्या मनगटावर ती चालू राहिली. कारण खरे असले तरी त्याची झळ ग्राहकानेच का सोसावी, हा प्रश्न उरतोच. कंपनीकडून काढण्याचे कारण लेखी मागून घ्यावे.

आणखी एक, टीव्ही फॅक्टरी रीसेट करू नये. जुने सॉफ्टवेअर त्याने परत येत नाही आणि हाती असलेला पुरावा मात्र जातो. मेनूचे व त्या ओळीचे फोटो, सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक आणि जुनी माहितीपुस्तिका आजच जपून ठेवावी. कंपनीच्या संकेतस्थळावरचे मॉडेलचे पान बदलले असेल तर त्याची जुनी प्रत वेबॅक मशीन या जुनी वेबपाने जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर सापडू शकते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. माळ्यावरून खोका काढला. बाजूवर 'यूएसबी रेकॉर्डिंग' असे ठसठशीत छापलेले आहे, पण त्याला एक चांदणी जोडली आहे आणि तळाशी बारीक अक्षरांत 'वैशिष्ट्ये पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात' असे वाक्य आहे. याने पाणी फिरते का?

प्रतिसाद १

फिरू नये. कारखान्यातून निघणाऱ्या पुढच्या मालात फेरफार करता यावा म्हणून हे वाक्य छापतात. घरात आलेल्या आणि पैसे चुकते केलेल्या वस्तूतून काही काढून घेण्याची परवानगी त्यातून मिळत नाही, असाच युक्तिवाद करावा. चांदणीसकट संपूर्ण खोक्याचा फोटो अर्जाला जोडा. ती लपवली आणि समोरच्याने दाखवली तर आपलीच बाजू लंगडी पडेल.