विरळणीच्या कात्रीने अंगठा दुखावला, पट्टा कोणता घ्यावा?

दिंडोरीची बागवाली:
नमस्कार. दिंडोरीजवळ आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, फेलफूट (घड नसलेल्या फुटी) काढली, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) झालं, आता विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढणं चालू आहे. बायांसोबत मीही सकाळी ८ पासून कात्री धरते. गेल्या आठवड्यापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला अशी कळ येते की दुधाची किटली उचलवत नाही, साडी पिळवत नाही. थोडी सूजही आहे. मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणला आणि चार दिवस चांगला आवळून बांधला. अंगठा मोकळाच असल्याने कात्री चालते आणि दुखणंही चालूच. काल तर बोटांना मुंग्या आल्या. निम्मे घड राहिलेत, मणी फुगायच्या आत उरकायला हवं. पट्टा चुकला का?

फिजिओ, गंगापूर रोड:
ताई, आधी तो पट्टा सैल करा. खालून एक बोट सहज सरकलं पाहिजे. सैल करूनही मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

अंगठा बाजूला नेणाऱ्या स्नायूंच्या दोन दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. कात्री उघड-मीट करताना त्या दिवसभर तिथे घासतात, बोगद्याचं आवरण जाड होतं आणि मग प्रत्येक हालचालीला कळ येते. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हॅन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. तिथेच कळ उठली तर बहुतेक हेच. एकदाच बघा, सारखं करू नका.

मेडिकलमध्ये 'थंब स्पायका' मागा. त्यात अंगठ्याच्या बाजूने कडक पट्टी असते. मनगट आणि अंगठ्याचं मूळ दोन्ही धरलं जातं, शेवटचं पेर मोकळं राहतं. उजव्या-डाव्याचा वेगळा मिळतो, हातात घालूनच घ्या. पण तो घालून कात्री चालवायची नाही, ताई. जोर लावून चालवलीत तर पट्ट्याचा काही उपयोग नाही.

तान्ह्याची आई, सिडको:
मला हेच बाळंतपणानंतर झालं. बाळाला काखेत अंगठे घालून उचलायचे. आता कोपरापासूनचा हात खाली घालून उचलते. स्पायका महिनाभर लावला, रात्रीसुद्धा. फक्त अंघोळीला आणि हात धुवायला काढायचे. तरी थोडं राहिलं, मग डॉक्टरांनी त्या जागी एक इंजेक्शन दिलं. त्यानंतर थांबलं. घामाने कातडी लाल होते, आत पातळ सुती कापड घ्या.

सातपूरकर:
ताई, पडला-बिडला नाहीत ना? पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मी हातावर पडलो. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दुखायचं. पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा तिथलं छोटं हाड मोडलेलं सापडलं. पडून दुखत असेल तर पट्ट्यावर भागवू नका.

दिंडोरीची बागवाली:
नाही दादा, पडले नाही. मूठ करून बघितली, डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी नाशिकला जाऊन स्पायका आणला, मुंग्याही गेल्या. कात्री जाऊबाईंकडे दिली आहे, मी डाव्या हाताने पाण्याचं नि हजेरीचं बघते. सोमवारी डॉक्टरांकडे जाते. फिजिओताई, हळद-तेलाचा लेप पट्ट्याखाली लावला तर चालेल का?

फिजिओ, गंगापूर रोड:
पट्ट्याखाली नको, कातडी कुजेल. दिवसातून दोनदा पट्टा काढून कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं धरा.