मदत हवी आहे: रूममेटला पार्टीनंतरचं काहीच आठवत नाहीये, तक्रार घेतील का?

निनावी_पुणे: प्लीज लवकर सांगा. रूममेट पार्टीत खूप प्यायली. सकाळी जाग आली ती त्याच्या खोलीवर. मधलं काही आठवत नाही, दंडावर वळ आहेत. तो म्हणतो, 'तूच जिना चढून आलीस, गप्पा मारत होतीस.' ती म्हणते, मीच प्यायले, पोलीस मलाच बोलणार. घरी कळता कामा नये.

खडूस_काका: कधीची गोष्ट? वय काय? 'तो' कोण? अर्धवट माहितीवर काय डोंबल सांगणार?

रोखठोक: मुलींनी इतकं प्यावंच का? आमच्या वेळी...

सावली: तुमच्या वेळचा धागा वेगळा काढा.
निनावी, एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भनिरोधक गोळीचंही तेच. सरकारी असो वा खासगी, हॉस्पिटलला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. ते पोलिसांना कळवतात, हे तिला आधी सांगा. तक्रार नको असेल तर तसं लिहून देता येतं, उपचार तरीही मिळतात.

चहाबाज: लिंबूपाणी आणि इलेक्ट्रॉल. अंगातलं पाणी भरून निघतं.

डॉक्टरीणबाई: जिना चढली म्हणजे भानावर होती असं नाही. दारू भराभर चढली की मेंदू आठवणी साठवायचं थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, बिलसुद्धा देतो, सकाळी पाटी कोरी. बाईच्या शरीरात पाणी कमी, त्यामुळे तेवढ्याच पेगला रक्तात दारू जास्त.

रोखठोक: मग मी वेगळं काय म्हणतोय! कमी प्या.

डॉक्टरीणबाई: तो सल्ला पुढच्या पार्टीला. आज तिला लघवीचा नमुना द्यायचाय. ग्लासात काही मिसळलं असेल तर काही औषधं अर्ध्या दिवसात जातात, काही दोन-तीन दिवस सापडतात.

निनावी_पुणे: शनिवारी रात्री झालं. १९ वर्षांची आहे. तो अ‍ॅपवर भेटलेला, आधी एकदा तिच्या मर्जीने झालं होतं. म्हणूनच घाबरलीये, कोण विश्वास ठेवणार?

काळा_कोट: हे आधी सांगायचं ना! भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ वाचा. नशेमुळे काय चाललंय हे कळत नसेल तर त्या अवस्थेतला होकार होकार धरत नाहीत. आणि आधीचे संबंध? साक्ष अधिनियम कलम ४८, संमतीच्या प्रश्नात ते गैरलागू. ठाणं हद्दीचं कारण सांगून परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार तिथेच नोंदवायची. दोन बोटांच्या चाचणीला (आधी संबंध आलेत का हे बोटांनी तपासणं) नकार द्या, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती करायची नाही असं बजावलंय. सज्ञान आहे, घरी सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं. नाव छापणं गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२.

खडूस_काका: कागदावर सगळं छान असतं हो. ठाण्यात एकटीने जाऊ नका, कोणीतरी खमकं सोबत न्या.

सावली: आज सोमवार. त्या रात्रीचे कपडे धुतले का?

निनावी_पुणे: जीन्स धुतली. टॉप आणि आतले तसेच, प्लास्टिकच्या पिशवीत.

सावली: प्लास्टिकमध्ये दमट राहून पुरावा खराब होतो. कागदी पिशवीत ठेवा. आणि ती स्वतः काय म्हणतेय?

निनावी_पुणे: तक्रारीचं नंतर बघू म्हणते, आधी डॉक्टर. ससून हॉस्पिटलला निघतोय.