मदत हवी आहे: ‘मी कोण?’ची उत्तरं कोणत्या रकान्यात टाकावीत?

15-16 वर्षांच्या मुलांसोबत कून आणि मॅकपार्टलँड या समाजशास्त्रज्ञांची 1954ची वीस विधानांची चाचणी घ्यायची आहे. कागदावर 1 ते 20 आकडे, वर एकच प्रश्न, ‘मी कोण आहे?’, वेळ 12 मिनिटं. नाव लिहायचं नाही.

उत्तरांची दोन रकान्यांत वर्गवारी करण्याचा मूळ नियम सोपा आहे. ‘मी मुलगी आहे’, ‘मी विद्यार्थी आहे’ ही समाजातली स्थानं, अर्थ सगळ्यांना ठाऊक. ‘मी कंटाळले आहे’ याचा अर्थ मात्र लिहिणारीला विचारल्याशिवाय कळत नाही. पहिल्या प्रकारची उत्तरं सहसा आधी येतात, म्हणून क्रम बदलू द्यायचा नाही.

अडचण अशा वाक्यांची: ‘मी मोठी बहीण आहे, म्हणून रडत नाही.’ यात स्थान आहे आणि ‘म्हणून’च्या पुढे अलिखित नियमही. एकाच रकान्यात टाकलं तर तो नियम हरवतो, आणि माझ्या मते हीच वाक्यं सगळ्यात मोलाची. तोडून दोन्हीकडे मोजलं तर बेरीज 20च्या वर जाते. तिसरा रकाना करावा का? कुणी केला असेल तर निकष काय ठेवला?

शिवाय, यानंतर समाजशास्त्रज्ञ गार्फिंकेलचा अलिखित नियम मोडून दाखवणारा प्रयोग जोडावा का, म्हणजे स्वतःच्या घरातच भाडेकरूसारखं वागून बघणं? घरच्यांना आधी सांगितलं तर प्रयोगातला जीवच जातो. नाही सांगितलं तर त्यांच्या रागाचा भार एकट्या मुलावर पडतो. अलिखित नियम न मोडता, निव्वळ निरीक्षणातून तो दाखवायची रीत सुचवा.