टॉवेलचा माग तीनात, हलगी चारात. आमच्या पहिल्या अल्बमचं काय करू?

धोटेवाला

मंडळी, आमचा मूळ धंदा बँजो पार्टीचा. हळद, वरात, जयंती, गणपती, सुपारी येईल तिथं जायचं. मी बेस आणि कीबोर्ड दोन्ही सांभाळतो. पण गेलं वर्षभर आम्ही तिघांनी बाजूला एक वेगळंच खूळ चालवलंय. मी, हलगीवर माझा चुलतभाऊ, आणि गिटारवर एक मित्र (गातोही तोच, म्हणजे ओरडतो). डान्स-पंक म्हणतात त्यातला प्रकार. गिटार चिरकी, गाणं घसा फाडून, पण खाली बेस आणि ठेका असा की पाय थांबू नयेत. आठ गाणी झाली, 31 मिनिटं. बँजो पार्टीच्या नावावर टाकणार नाही, नाहीतर हळदीच्या सुपाऱ्या जातील.

आमच्या घरी टॉवेलचे चार माग होते, आता दोन चालतात. त्या खडखडाटातच लहानाचा मोठा झालो, रात्री माग बंद पडला की उलट जाग यायची. म्हणून ठरवलं, ड्रम मशीन नको, मागच वाजू दे. मोजलं तर मिनिटाला 118 ठोके. नाचायला याहून बरा वेग कुठला?

पण टॉवेलच्या मागाचा हिशोब वेगळा. साध्या कापडाला प्रत्येक आडव्या धाग्यावर फणी (धागा ठोकून बसवणारी चौकट) सारखीच बसते. टॉवेलला पहिले दोन धागे फणी अर्ध्यावर सोडून देते आणि तिसऱ्याला पूर्ण ठोकते. तिन्ही धागे एकदम पुढं सरकतात, वरचा सैल ताणा (उभा धागा) लूप होऊन उभा राहतो. अंग पुसताना पाणी पितो तो हाच लूप. आवाज होतो खट, खट, धाड. खट, खट, धाड. आणि आमची हलगी चारात, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या आवर्तनात.

गल्लीतल्या एका मंडळासमोर दोन गाणी वाजवून बघितली. सोलापुरात लेझीम काढा, हलगी काढा, डीजे लावा, माणूस नाचतोच. आमच्यासमोर पोरं खिशात हात घालून उभी. एक आजोबा पुढं येऊन म्हणाले, "माग बिघडलाय का बे तुमचा?"

आता वाटतंय, कॉम्प्युटरवर माग कापून सरळ चारात बसवावा. त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की 118 चे 115 होतात, ते वेगळंच. शिवाय मोबाईलवरचं रेकॉर्डिंग फाटलंय. काय करू?

पार्कचौक_ते_पुणे

फाटणारच रे. माग चालू असताना शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर असतो आणि मोबाईल आपल्या मनानं आवाज खालीवर करत बसतो. तुझा "धाड" त्यानेच चपटा केलाय. पिझोची चकती घे, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते, आणि टेपनं थेट मागाच्या सांगाड्याला चिकटव. ती हवेतला आवाज घेत नाही, लोखंडातली थरथर घेते, त्यामुळं शेजारचा माग जवळजवळ गायब होतो. मात्र सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावलीस तर आवाज पत्र्यासारखा येईल. गिटारच्या इनपुटला लाव. आणि कानात बोळे घाल, बेसवाला बहिरा झाला तर चौथं कोण शोधणार?

कापू मात्र नकोस. गणित करून बघ. पहिल्या ठोक्याला धाड धरला, तर पुढचे धाड चौथ्या, सातव्या, दहाव्या ठोक्याला येतात. तेराव्याला हलगीची सम आणि मागाचा धाड परत एकत्र. म्हणजे दर तीन आवर्तनांनी भेट. नाचणाऱ्याला हे कळायची गरज नाही, त्याला एक सरळ ठोका हवा. तो तुम्ही कुणीच देत नसणार, असा माझा अंदाज.

बेस पुढं घे. पब्लिक इमेज लिमिटेड या ब्रिटिश बँडनं 1979 मध्ये "मेटल बॉक्स" काढला तो फिल्मच्या रिळाच्या गोल डब्यात, 12 इंची तीन तबकड्या, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगानं. रुंद खाचांत बेस नीट बसतो. त्या अल्बमवर गिटार काचेसारखी कचाकच फुटत असते, पण जा वॉबलचा बेस जागचा हलत नाही.

कडकभाकरी

दादा, बाजूच्या प्रोजेक्टला घाबरू नका एवढंच सांगायला आले. टॉकिंग हेड्स या अमेरिकन बँडमधले नवरा-बायको, ड्रमवर ख्रिस फ्रँट्झ आणि बेसवर टीना वेमथ, यांनी बहामाजमध्ये नासाऊला कंपास पॉइंट स्टुडिओत टॉम टॉम क्लब नावानं अल्बम केला, 1981 मध्ये. गायला टीनाच्या बहिणी. घरचंच मनुष्यबळ, तुमच्या चुलतभावासारखं. त्यातल्या एका गाण्याचा तुकडा 1995 मध्ये गायिका मरायाह कॅरीनं उचलला आणि तो जगभर वाजला.

आणि ईएसजी हा बँड ऐका. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणी. आईनं वाद्यं आणून दिली, पोरी रस्त्यावर भटकू नयेत म्हणून. 1983 चा त्यांचा पहिला अल्बम म्हणजे मुख्यतः बेस, ड्रम, काँगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) आणि आवाज. अर्धी जागा रिकामी. मी कॉलेजच्या ग्रुपमध्ये ड्रम वाजवते, त्यांच्याकडून एकच शिकले: न वाजवणं. तुमच्या आठ गाण्यांत तिघंही सगळा वेळ वाजवताय ना? खरं सांगा.

जुनीमिल

पोरा, अशोक चौकाच्या मागं 32 वर्षं माग चालवलाय. घरात तेलुगू, मागावर मराठी, लिहिताना चुकेल, समजून घे. ते परदेशी बँड मला माहीत नाहीत.

तू फणीचंच ऐकलंस. आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्याचं काय? धोटा एकदा डावीकडून उजवीकडं जातो, एकदा उजवीकडून डावीकडं, आणि दर वेळी समोरच्या पेटीत आपटतो. म्हणजे धोटा दोनात चालतो. फणी तीनात, धोटा दोनात, सहाला दोघांची गाठ. मागाच्या मधोमध उभं राहिलास तर सगळी खिचडी ऐकू येते. एका बाजूच्या पेटीपाशी कान लाव, दर दुसऱ्या ठोक्याला तो आपटतो. तुझा सरळ ठोका तिथं आहे. माग बिघडलेला नाही.

वेग हलतो म्हणतोस, तर हलू दे. आम्ही आवाजावरूनच ओळखायचो पट्टा सैल झालाय ते. आणि धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपली की माग आपोआप थांबतो. कांडी भरून पुन्हा चालू करेपर्यंत जी शांतता असते, ती तुमच्या गाण्यात आहे का?

वरातीतला

काका, तुम्हीच प्रोड्यूसर व्हा. धोटेवाला, टॉवेलच्या लूपवर लूप बनवणारा तू पहिलाच बे.

धोटेवाला

ताई, खरं सांगतो, तिघंही सगळा वेळ वाजवतो. बँजो पार्टीची सवय, गप्प बसलं की गिऱ्हाईक म्हणतं पैसे कशाचे.

काका, तुमचं वाचून रात्री साडेदहाला शेडमध्ये गेलो. एक चकती उजव्या पेटीला, एक फणीच्या चौकटीला, दोन वेगळे ट्रॅक. पेटीच्या चकतीत दर दुसऱ्या ठोक्याला असा टोला येतो की वेगळ्या किकची (मोठ्या ड्रमच्या ठोक्याची) गरजच नाही. मी इतकी वर्षं त्या मागाशेजारी झोपलो आणि मला फक्त धाड ऐकू यायचा. चुलतभावाला हेडफोन लावून दिले. तो चार मिनिटं काही बोलला नाही, मग हलगी तापवायला घेतली. पहिल्या टेकला फणीच्या नादी लागून दोनदा घसरला. मी म्हटलं फणी विसर, पेटीकडं बघ. तिसऱ्या टेकला बसला.

गिटारवाल्याला मधली बारा आवर्तनं गप्प बसायला सांगितलंय. रुसलाय.

तिसऱ्या टेकमध्ये शेवटाकडं कांडी संपली. माग थांबला, हलगी दोन ठोके तशीच पुढं गेली आणि तीही थांबली. मग आईचा आवाज: "आता तरी झोपा की रे." तो चकतीनं पकडला नाही, पण मोबाईल चालूच राहिला होता, त्यात आलाय. पाचव्या गाण्याच्या शेवटी ठेवलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.

जुनीमिल

आईला विचारून ठेव. आणि उजव्या पेटीला तेल दे, वाचूनच कळतंय कोरडी आहे.