टेक्सास, फेब्रुवारी २०२१: थंडीत वीजकेंद्रं नेमकी कशाने बंद पडली?

प्रश्न (अर्धवट_अर्थिंग): कॅनडात उणे ३० अंशांतही गॅसवरची वीजकेंद्रं चालतात. मग टेक्सासमध्ये एवढी युनिट्स एकदम कशी गळाली? आणि भारनियमन आळीपाळीने का झालं नाही? एक गल्ली दिवसेंदिवस अंधारात, पलीकडची लख्ख!

गेजवाला: टर्बाइनला थंडी बाधत नाही, थंड, दाट हवेत गॅस टर्बाइन उलट जास्तच वीज देतं. गोठते ती बोटाएवढी नळी. वाफ बनवणाऱ्या बॉयलरच्या ड्रमपासून (पाण्याच्या टाकीपासून) लेव्हल ट्रान्समीटरपर्यंतच्या, म्हणजे पाण्याची पातळी मोजून कळवणाऱ्या उपकरणापर्यंतच्या, इम्पल्स लाइनमधलं (दाब पोचवणाऱ्या बारीक नळीतलं) पाणी वाहत नाही, म्हणून आधी गोठतं. ड्रममध्ये पाणी व्यवस्थित असलं तरी ट्रान्समीटर भलतीच पातळी दाखवतो आणि युनिट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. तीनपैकी दोन संकेत जुळले तरच ट्रिप, ही सोयही तिथे फुकट जाते. तिन्ही नळ्या एकाच वाऱ्यात शेजारी-शेजारी उभ्या. कॅनडात हे सगळं इमारतीच्या आत असतं, टेक्सासमध्ये उन्हाळ्याच्या हिशेबाने उघड्यावर.

हीट ट्रेसिंग (नळीला गरम ठेवणारी विजेची वायर) बसवलं की झालं, असं नाही. थंडीआधी प्रत्येक सर्किटचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून मूळ नोंदीशी ताडा. त्याचा ब्रेकर पडला तर कंट्रोल रूमला कळतं का, तेही पाहा. ओलं लॅगिंग (नळीवरचं ऊब धरणारं आवरण) नसल्यातच जमा. दुरुस्तीनंतर मॅनिफोल्डपाशी (ट्रान्समीटरजवळच्या व्हॉल्व्हांच्या जोडणीपाशी) वीतभर नळी उघडी राहते, आणि घोळ होतो तो तिथेच.

पन्नास_की_साठ: इंधनाचंही तेच. विहिरींच्या तोंडाशी गॅससोबतचं पाणी गोठलं. त्यात काही गॅस कॉम्प्रेसरांची वीज भारनियमनातच तोडली गेली, कारण अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती!

आता आळीपाळीचं. मागणीपेक्षा वीज कमी पडली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी उतरते. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ६० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ५९.३ पर्यंत उतरली. ५९.४ च्या खाली ती ४ मिनिटं २३ सेकंद होती. ९ मिनिटं राहिली असती तर उरलेली जनित्रंही सुटली असती. कपात २०,००० मेगावॉटपर्यंत गेली. रुग्णालयांच्या फीडरना (वस्तीत वीज नेणाऱ्या लाइनना) हात लावायचा नाही, अंडर-फ्रिक्वेन्सी रिलेवरचे, म्हणजे फ्रिक्वेन्सी फारच उतरली तर आपोआप तुटणारे, शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवायचे. बाकीचे बहुतेक आधीच बंद. फिरवायला उरलं काय?

अर्धवट_अर्थिंग: आणि वीज येऊन लगेच परत जाते, ते?

पन्नास_की_साठ: कोल्ड लोड पिकअप. थर्मोस्टॅटवरचे हीटर एरवी आलटून-पालटून चालतात. घरं गार पडली की सगळे एकदम ओढतात, फीडरचा भार नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहूनही वर जातो आणि ओव्हरकरंट रिले (जादा करंट ओळखणारं उपकरण) ब्रेकर उडवतो. म्हणून फीडरच्या भागाभागाचे (सेक्शनचे) स्विच आधी उघडून फीडर तुकड्या-तुकड्याने चार्ज करायचा, एकाचा भार उतरल्यावरच पुढचा. घरात असाल तर वीज नसताना हीटरचा स्विच बंद ठेवा.