सामूहिक वनहक्काचा दावा: काय लागतं, कुठे अडतं

राज्यात वनहक्क कायदा राबवायचं काम आदिवासी विकास विभागाकडे आहे, पण दावा उभा राहतो तो ग्रामसभेत. गावाच्या जंगलाचा म्हणजे नमुना 'क'चा दावा ज्यांनी केलाय, त्यांनी बारकावे लिहा.

गडचिरोलीहून: पहिली कसोटी हजेरीची. सभेला गावातले निम्मे प्रौढ हवेत, आणि आलेल्यांत एक तृतीयांश बाया. दावा तयार करून तपासणारी वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात दोन तृतीयांश आदिवासी. सह्या-अंगठे सभेतच, ठरावाखाली घ्या. मागाहून घरोघरी फिरून घेतलेल्या सह्यांवर हरकत आली की सगळा दावा लटकतो.

चंद्रपूरहून: किमान दोन पुरावे लागतात. आपल्याकडे निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगल-चराईच्या वापराची जुनी सरकारी नोंद, सगळ्यात भक्कम. जोडीला दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब. हद्द चालताना शेजारच्या गावांना सोबत न्या आणि त्यांची लेखी संमती तिथेच घ्या. फक्त वनखात्याच्या कक्ष क्रमांकांवर (जंगलाच्या तुकड्यांच्या नंबरांवर) विसंबलं, तर महसुलाकडे नोंद असलेलं झुडपी जंगल सुटू शकतं. ते नंतर मिळवणं फार जड जातं, म्हणून सर्व्हे नंबरही लिहा.

दाव्याच्या जागेवरच्या पडताळणीची तारीख वन आणि महसूल दोन्ही खात्यांना लेखी कळवा, पोच सांभाळा. ते आलेच नाहीत आणि पुढे त्याच कारणावरून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला परत येतो. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ही २०१२ च्या सुधारित नियमांतली तरतूद आहे, पण ती वापरणारी गावं फार कमी.

नाशिकहून: 'उपग्रह चित्रात दिसत नाही' एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, ते चित्र पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांच्या जागी चालत नाही. नामंजुरी आली तर कारणं लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात, पत्र मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. आणि खर्चाचं म्हणाल, तर पेसाचा (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याचा) ५ टक्के अबंध निधी वनहक्काच्या अंमलबजावणीलाही वापरता येतो.

पुन्हा गडचिरोलीहून: हक्कपत्र मिळालं म्हणजे काम संपलं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला हक्क मिळाला २००९ मध्ये, पण बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले एप्रिल २०११ मध्ये. आता परवाना ग्रामसभेची समितीच देते, तेव्हा परवाना पुस्तक आणि शिक्का आधी करून घ्या.

तेंदूचा करार हंगामाआधी लेखी करा. ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची गोणी. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, आणि आगाऊ रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय तोडणी नाही. फळीवर (तेंदूपानं गोळा करून वाळवायच्या जागेवर) वाळत घातलेला पाला पावसात भिजला तर नुकसान कोणाचं, हेही त्यातच लिहा. वाद इथेच होतो. पान चांगलं फुटावं म्हणून जंगलाला आग लावायची नाही, ही अट दंडासकट घाला.